आपाच्या घरचा गॅस मीटर

२०२३ च्या जानेवारीत मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन लंडनला गेले होते. आपाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दुल्हेभाई गोदामात रात्रपाळीला, आणि घरात पंधरा वर्षांचा भाचा. अम्मी म्हणाली, "तूच जा. तिकडे पैसे देऊन माणूस ठेवणं आपल्याला परवडायचं नाही." सासूबाईंनी मुलांची जबाबदारी घेतली आणि मी निघाले. बॅगेत दोन सोलापुरी चादरी, शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा एक डबा.

आपाचं घर पूर्व लंडनमध्ये, एकमेकांना चिकटून रांगेत उभ्या असलेल्या जुन्या घरांपैकी एक. स्वयंपाकघरात भिंतीला पांढरी पेटी टांगलेली. तो बॉयलर. मी माझ्या सोयीसाठी त्याला गॅसचा बंब म्हणायला लागले. आमच्या आजीच्या अंगणात तांब्याचा बंब होता. लाकडं घालून त्यात आंघोळीचं पाणी तापायचं. हा बंबही पाणीच तापवतो. फरक इतकाच, की लाकडाऐवजी गॅस जाळतो, आणि गरम पाणी नळाला देतोच, शिवाय खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवतो. ब्रिटनमधल्या पाचातल्या चारांहून अधिक घरांना ऊब अशी गॅसमधूनच मिळते.

आजीच्या बंबाचा धूर डोळ्यांत जायचा. या बंबाची नळी भिंतीबाहेर गेलेली. थंडीतल्या सकाळी त्या गल्लीत उभं राहिलं, की प्रत्येक घराच्या नळीतून पांढरं काहीतरी निघताना दिसतं. पण ती पाण्याची वाफ. तिच्याबरोबर निघणारा कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वासही नाही.

याच शहरात ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत कोळशाच्या धुराने माणसाला स्वतःचे पाय दिसेनासे झाले होते. तेव्हा चार हजार माणसं दगावल्याचा अंदाज होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६७ पासून दहा वर्षं घरोघर जाऊन शेगड्या आणि हीटर उत्तर समुद्रातल्या नैसर्गिक गॅसला जुळवून दिले गेले. धूर गेला. पण जळणं थांबलं नाही. जे दिसतं त्याविरुद्ध लोक ओरडतात. जे दिसत नाही ते आधी मोजावं लागतं, मगच त्याबद्दल बोलता येतं.

मोजण्याचं काम आमच्या घरात भाच्याने अंगावर घेतलं होतं. भूगोलाचा प्रकल्प. महिनाभर घरच्या ऊब-पाण्याचा कार्बन मोजायचा, तो कमी करायचा आणि आलेख काढून वर्गात दाखवायचा. रोज रात्री आठ वाजता तो जिन्याखालच्या कपाटात अर्धा आत शिरायचा आणि मोबाइलच्या उजेडात मीटरचा आकडा वहीत लिहायचा.

"खाला, तुम्ही टीचर आहात ना? मग हे चेक करा."

मी उर्दू-मराठीची शिक्षिका. पण त्रैराशिक सगळ्यांना येतं. मीटर घनमीटरमध्ये आकडा दाखवतो. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ११ युनिट ऊर्जा; युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावर असतं तेच, किलोवॅट-तास. गॅसचं एक युनिट जाळलं, की सुमारे १८० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे एका घनमीटरला दोन किलो. हिशोब इतका सोपा, की एकदा कळल्यावर मला नळाचं गरम पाणीसुद्धा किलोत दिसू लागलं.

त्या आठवड्यात, म्हणजे मी पोहोचले त्या जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, घरात रोज सरासरी सहा घनमीटर गॅस जळत होता. बारा किलो कार्बन. आणि पैसे? युक्रेनच्या युद्धानंतर गॅस भडकला होता. सरकारने दराला टोपी घातली होती, तरीही युनिटला १० पेन्सहून थोडं जास्त पडत होतं. घनमीटरला एक पौंड पंधरा पेन्सच्या आसपास. सहा घनमीटर म्हणजे दिवसाला जवळपास सात पौंड, आपले सातशे रुपये. रोजचे. आपाच्या आजारपणामुळे घरात एकच पगार येत होता.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी भाचा वही नाचवत आला. "खाला, देखो! सहावरून ३.७!" त्याचा आलेख घसरगुंडीसारखा खाली आला होता. दुल्हेभाईंनी पाठ थोपटली. आपा हसली. मीही "माशाअल्लाह" म्हणाले.

* * *

आपाला तपासणीसाठी मध्य लंडनला न्यायचं होतं. तिथून परतताना बसच्या वरच्या मजल्यावरून भाच्याने बोट दाखवलं. "तो बीटी टॉवर." सिगारेटच्या पाकिटावर डबे रचावेत तसा दिसणारा, १९६५ साली सुरू झालेला, १७७ मीटर उंच मनोरा. टेलिफोनच्या संदेशांसाठी बांधलेला. "त्याच्या वरती लंडनचा कार्बन मोजलाय सायंटिस्ट लोकांनी. सरांनी सांगितलं."

घरी आल्यावर मी ते वाचायला बसले, आणि वाचतच राहिले.

शहराचा कार्बन मोजण्याच्या मुख्य रीती दोन आहेत. पहिली बहीखात्याची. किती घरं, किती गॅस विकला गेला, किती पेट्रोल खपलं, प्रत्येकाला ठरलेल्या आकड्याने गुणा आणि बेरीज करा. भाचा जिन्याखाली बसून हेच करत होता. सरकारंही हेच करतात. दुसरी रीत नाडी बघण्याची. कागद बाजूला ठेवायचे आणि थेट हवेला विचारायचं.

टॉवरच्या माथ्यावर दोन यंत्रं शेजारी शेजारी. एक वारा मोजतं, सेकंदाला दहा-वीस वेळा, आणि वारा आडवा किती हे सांगतानाच वर किती, खाली किती हेही सांगतं. दुसरं तितक्याच वेगाने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं. शहरावरची हवा सतत घुसळत असते, ताकासारखी. काही झोत वर जातात, काही खाली येतात. वर जाणाऱ्या झोतात कार्बन जास्त आणि खाली येणाऱ्यात कमी असेल, तर मधल्या फरकाइतका कार्बन खालच्या वस्तीने हवेत सोडला. अर्ध्या-अर्ध्या तासाची अशी बेरीज करत गेलं, की शहर श्वास टाकताना दिसतं. रात्री मंद, दिवसा जोरात. उन्हाळ्यात कमी, हिवाळ्यात जास्त. हिवाळ्यातली ती चढण म्हणजे मुख्यतः बॉयलर.

मला आवडलं ते हे, की मध्य लंडनवर हवेतून काढलेला आकडा आणि सरकारी खात्यातला आकडा एकमेकांच्या बराच जवळ आला. खातं आणि नाडी जुळली. सगळीकडे तसं होत नाही. अमेरिकेत केविन गर्नी नावाचे शास्त्रज्ञ अनेक वर्षं हेच काम करतात. इंडियानापोलिस शहरासाठी त्यांच्या गटाने एकेक इमारत, एकेक रस्ता धरून हिशोब मांडला. २०२१ मध्ये त्यांनी ४८ अमेरिकी शहरांनी स्वतः जाहीर केलेले आकडे आपल्या हिशोबाशी ताडून पाहिले. शहरांनी स्वतःचा कार्बन सरासरी १८ टक्के कमी दाखवला होता. काहींनी जास्तही दाखवला होता. म्हणजे सगळीच लबाडी नव्हती. कोणी एखादं इंधन धरलंच नव्हतं, कोणाची मोजण्याची पद्धत वेगळी होती. तरी एकूण माप कमीच भरलं.

हे वाचताना मला सूरह मुतफ्फिफीन आठवली. लहानपणी हाफिज साहेबांकडे ती पाठ करताना मला वाटायचं, ही सूरह कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारासाठी आहे. घेताना पुरतं माप घेणारे, देताना काटा मारणारे, त्यांच्याबद्दलची ती. शहरंही काटा मारू शकतात, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

पण हवेला विचारण्यातही अडचणी आहेत. हवेतल्या कार्बनवर पत्ता लिहिलेला नसतो. गाडीचा कुठला, बॉयलरचा कुठला, आणि माणसांच्या श्वासाचा कुठला? एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो. लाखोंची वस्ती म्हटल्यावर तो आकडा सोडून देता येत नाही. झाडं पुन्हा दिवसा घेतात, रात्री सोडतात.

यावरचा उपाय वाचून मी "सुब्हानअल्लाह" म्हटलं. कार्बनचा एक किरणोत्सर्गी प्रकार असतो, कार्बन-१४. अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तो वातावरणात सतत तयार होत राहतो, आणि झाडं, गहू, बकरी, माणूस, सगळ्या जिवंत गोष्टींत तो थोडासा असतोच. जीव गेला की तो ५,७३० वर्षांत निम्मा, या हिशोबाने घटत जातो. गॅस, कोळसा आणि पेट्रोल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होते. त्यांच्यात तो उरलेलाच नाही. म्हणून शहराच्या हवेत कार्बन-१४ चं प्रमाण जितकं कमी, तितका त्या हवेत जमिनीतून काढून जाळलेला कार्बन जास्त. माझ्या श्वासातला कार्बन कालच्या भाकरीचा. बॉयलरचा कार्बन आदमच्याही आधीचा. हवा दोन्ही वेगळे ओळखते.

आता जळलेल्यातला गाडीचा कुठला आणि बॉयलरचा कुठला? त्यासाठी कार्बन मोनॉक्साइड. गाडीच्या धुरात तो कार्बन डायऑक्साइडच्या मानाने जास्त असतो, नीट चालणाऱ्या बॉयलरमध्ये अगदी कमी. दोघांचं गुणोत्तर पाहिलं की अंदाज येतो. आणि कोरोनाच्या टाळेबंदीने तर प्रयोगच करून दिला. लंडनसह युरोपातल्या ११ शहरांत असे मनोरे चालू होते. तिथलं उत्सर्जन कुठे ५ टक्क्यांनी घटलं, कुठे ८७ टक्क्यांनी. घट मुख्यतः रस्ते रिकामे झाले म्हणून. बॉयलर घरोघर चालूच होते. उलट सगळी माणसं घरात होती.

एक मात्र आहे. टॉवरला आपाचं घर दिसत नाही. वाऱ्याच्या दिशेला जो भाग येतो तेवढाच त्या यंत्राला कळतो. पूर्व लंडनची ही गल्ली त्याच्यापासून फार दूर. आणि घर दिसलं असतं तरी घराच्या आतलं काय दिसलं असतं?

* * *

त्या रात्री फजरच्या बरीच आधी मला जाग आली. दाराखालून उजेड येत होता. आपाच्या खोलीत गेले. ती पलंगावर बसून तसबीह ओढत होती. अंगात दुल्हेभाईंचं कामावरचं जाड जॅकेट, त्यावर शाल, त्यावर मी आणलेली एक चादर. दुसरी पायांवर. बोलली तेव्हा तोंडातून वाफ आल्यासारखं मला वाटलं. तिचे पाय हातात घेतले. बर्फ.

"आपा, ही मशीन बंद आहे का?"

"बंद नाही गं. सोळावर ठेवलीय."

"कोणी?"

ती गप्प. मग म्हणाली, "पोराचा प्रोजेक्ट आहे. त्याचा आकडा खाली आला की किती खूश होतो, बघतेस ना? आणि बिलही कमी येतं. यांना दोन पाळ्या कराव्या लागतात."

आठवड्यापूर्वीच भाच्याने आईला विचारलं होतं, अम्मी, थर्मोस्टॅट एकवीसवरून कमी करू का? आणि आई म्हणाली होती, कर. तो दिवसभर शाळेत, मग खेळायला. त्याच्या अंगात ऊब मावत नव्हती. मी स्वयंपाकघरात, तव्यापाशी. दुल्हेभाई रात्री गोदामात. घरात दिवसरात्र एकाच जागी बसून होती ती फक्त आपा, पोटावर टाके घेऊन. जागतिक आरोग्य संघटना सांगते, थंड देशांत घरात किमान १८ अंश हवेत. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना त्याहूनही जास्त. आपा सोळात होती, आणि ऑपरेशननंतर शिंकतानाही पोट धरायला लागतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना थंडीने कुडकुडणं म्हणजे काय ते सांगायला नको.

मला भाच्याचा राग आला नाही. स्वतःचा आला. दोन आठवडे मी तिच्या सेवेला म्हणून आले होते, आणि घसरता आलेख पाहून "माशाअल्लाह" म्हणत होते.

सकाळी भाच्याला शेजारी बसवलं. रागावले नाही. म्हटलं, "बेटा, तुझा हिशोब तपासायला सांगितला होतास ना? चल, तपासू."

इंटरनेटवरून आम्ही त्या दोन आठवड्यांचं बाहेरचं तापमान काढलं. इथे एक जुनी, छान युक्ती आहे, तिला डिग्री-डे म्हणतात. ब्रिटनमध्ये असं धरतात, की बाहेर १५.५ अंश असेल तर घराला ऊब लागत नाही. माणसं, चूल आणि दिवे यांची ऊब पुरते. दिवसाचं सरासरी तापमान त्याच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. बाहेर ३.५ असेल तर बारा. पहिल्या आठवड्यात रोजचे बारा भरले. दुसऱ्यात थंडी जरा ओसरली होती, नऊ भरले.

जुन्या बिलांवरून उन्हाळ्यातला वापर पाहिला: रोज एक घनमीटर. तेव्हा हीटिंग बंद असतं, म्हणजे तो आंघोळीचा, वुजूचा आणि स्वयंपाकाचा. तो वजा केला. पहिल्या आठवड्यात उबेसाठी पाच घनमीटर, बारा डिग्री-डेना. डिग्रीमागे ०.४२. या दराने नऊ डिग्री-डेना लागले असते ३.७५, अधिक तो एक, म्हणजे पावणेपाच.

"म्हणजे," भाचा सावकाश म्हणाला, "मी काही केलं नसतं तरी सहाचे पावणेपाच झाले असते?"

"हो. अर्ध्याहून जास्त बचत हवेनेच केली होती."

"आणि बाकीचा एक?"

मी काही बोलले नाही. आपाच्या खोलीकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. तो पंधरा वर्षांचा आहे, पण मूर्ख नाही. उठला, आईच्या खोलीत गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. सरळ थर्मोस्टॅटपाशी जाऊन त्याने तो एकोणीसवर केला.

मग आम्ही दोघांनी खरं काम सुरू केलं. पुढच्या दाराखाली आणि आपाच्या खिडकीच्या फटीतून वारा यायचा. तिथे फोमच्या पट्ट्या चिकटवल्या, अगदी किरकोळ खर्चात. वरची रिकामी खोली विनाकारण तापत होती. तिचा रेडिएटर कमी केला आणि दार बंद ठेवलं. आपाच्या पलंगाच्या पाठीने रेडिएटर झाकला होता, पलंग हलवला. आणि बॉयलर रेडिएटरला पाठवतो त्या पाण्याचं तापमान खाली आणलं. आजकालचे बॉयलर धुरातल्या वाफेचं पाणी करून त्यातली ऊबही परत घेतात, पण फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच ते नीट जमतं. फार कडक पाणी फिरवलं तर ती ऊब नळीवाटे गल्लीत जाते. थंडीतल्या सकाळी दिसणाऱ्या त्या पांढऱ्या वाफेत लोकांचे पैसेही असतात.

फेब्रुवारीत एक आठवडा पुन्हा मोजलं. डिग्री-डे रोजचे दहा. गॅस ४.३ घनमीटर. एक वजा केला की ३.३, डिग्रीमागे ०.३३. आधीच्या ०.४२ पेक्षा पाचवा हिस्सा कमी, आणि आपाची खोली १९ अंश. भाच्याने आलेख नव्याने काढला. तो आधीच्याइतका देखणा नव्हता. पण त्याच्याखाली त्याने दुसरी रेघ काढली होती, वेगळ्या रंगात: अम्मीच्या खोलीचं तापमान. "सरांनी मागितली नव्हती," तो म्हणाला, "पण त्याशिवाय पहिली रेघ खोटी आहे."

* * *

त्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये ग्रंथालयं, चर्च आणि मशिदी दिवसा लोकांसाठी उघड्या ठेवल्या जात होत्या. ज्यांना घर तापवणं परवडत नाही, त्यांनी येऊन बसावं म्हणून. आपाच्या जवळच्या मशिदीतही बायकांच्या दालनात चहाची किटली आणि खुर्च्या मांडल्या होत्या. आपा जरा हिंडू-फिरू लागल्यावर मी तिला तिथे न्यायचे. बंगाली, सोमाली, गुजराती बायका, एक गोरी म्हातारी शेजारीण. विणकाम, गप्पा, मधूनच कोणीतरी तिलावत करणारी. एका बॉयलरवर वीसजणी. तेवढा वेळ वीस घरांचे बंब थंड. जमातीच्या नमाजाचा सवाब जास्त, हे आपण ऐकत आलो. जमातीची ऊबही स्वस्त पडते, हे मी तिथे पाहिलं.

पण शहराच्या खात्यात याची नोंद कशी होईल? मशिदीचा गॅस वाढला, असं दिसेल. आणि वीस घरांचा कमी झालेला गॅस "बचत" म्हणून दिसेल. त्यातली किती काटकसर, किती लाचारी, ते टॉवरवरचं यंत्र सांगू शकत नाही. त्याचा दोष नाही. त्याला विचारलेला प्रश्न तो नव्हताच. तो प्रश्न खोलीत जाऊन, पाय हातात घेऊन विचारावा लागतो.

निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने मला पकडलं. "खाला, आता तुमचा हिशोब."

मी जोरात होते. आमच्याकडे सोलापुरात हीटिंग नाही, बॉयलर नाही. आठ सिलिंडर वर्षाला. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे साधारण ४२ किलो कार्बन, म्हणजे आठांचा तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त टन. तिकडे साधारण ब्रिटिश घराचा वर्षाचा १२,००० युनिट गॅस म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास, आमचे पन्नासहून जास्त सिलिंडर! सहा वर्षांचा आमचा स्वयंपाक त्यांच्या एका वर्षाच्या गॅसमध्ये बसतो.

"आणि लाइट?" भाचा म्हणाला.

महिन्याला सरासरी दीडशे युनिट. पंखे, फ्रिज, उन्हाळ्यात कूलर. आपली बरीचशी वीज कोळशाची. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन. वर्षाचा सव्वा टन! ब्रिटनमध्ये त्या वर्षी एका युनिटमागे २०० ग्रॅमही पडत नव्हता. आमचं घर झालं १.६ टन, त्यांच्यासारखं घर पावणेतीन टनांच्या आसपास. आम्ही पाचजण, ते तिघं. माणशी पाहिलं तर आम्ही अजूनही त्यांच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात. पण मी समजत होते तितकी मी धुतल्या तांदळासारखी नव्हते. माझा धूर माझ्या अंगणात निघत नाही, औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो, इतकंच.

सूरह रहमानमध्ये आसमान उंच केल्याच्या उल्लेखाबरोबरच मीज़ान येतो, तराजू. आणि मापात कमी करू नका, ही ताकीद येते. मुलांना शिकवताना मी मीज़ानचा अर्थ "संतुलन" सांगायचे, आणि पुढे जायचे. आता थांबते. फळ्यावर तराजू काढते आणि विचारते, पारडी किती? एका पारड्यात जळलेलं इंधन ठेवलं, तर दुसऱ्यात काय ठेवाल? एकदा एक मुलगी म्हणाली, "ज्याच्यासाठी जाळलं, तो माणूस." मी तिला पूर्ण मार्क दिले.

आपा आता बरी आहे. अजून कधी कधी भाचा मीटरचा फोटो पाठवतो. फोटोखाली दोन आकडे असतात.